भाग तिसरा मागवावा

मंगळवार, १८ नोव्हेंबर, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे. गोंडपिपरी तालुक्यातल्या चिंचटोला गावच्या सार्वजनिक वाचनालयात संघप्रिया खोब्रागडे यांनी अभिप्राय वहीत एक अभिप्राय लिहिला. त्या वेळी वाचनालयात ग्रंथपाल धनराज मडावी, एक बंद पंखा आणि एक झोपलेले कुत्रे हजर होते. कोणालाही इजा झाली नाही.

घटना किरकोळ वाटेल. पण वही एकोणीस वर्षांची होती आणि तोवर तिच्यात कोणीही खरा अभिप्राय लिहिला नव्हता. तपासणीच्या आदल्या दिवशी धनराज स्वतः बसायचा. कधी निळ्या पेनाने, कधी काळ्या, कधी डाव्या हाताने, 'पुस्तके छान आहेत', 'वाचून आनंद झाला', 'पंखा सुरू करावा' असे चाळीसेक अभिप्राय लिहून काढायचा. मागच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी वही उघडली, अभिप्राय वाचले नाहीत, थेट शेवटच्या रकान्यावर बोट ठेवले. रकान्याचे नाव होते 'केलेली कार्यवाही'. तो वरपासून खालपर्यंत कोरा होता.

"मडावी, रकाना कोरा," साहेब म्हणाले. "वर्ग जाईल."

वाचनालय 'ड' वर्गाचे होते. 'ड'च्या खाली वर्गच नाही, तेव्हा गेलेला वर्ग नेमका कुठे जाईल हे धनराजला उमगले नाही. पण त्याने त्याच दिवशी शपथ घेतली. गावावर वीज पडो की पूर येवो, रकाना कोरा राहणार नाही.

संघप्रियाबाईंना यातले काही माहीत नव्हते. त्या गावच्या आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होत्या. लोकांच्या बोटातून रक्ताचा थेंब काढायचा, काचपट्टीवर पसरायचा आणि त्यात मलेरिया आहे की सिकलसेल ते सांगायचे, हे त्यांचे काम. चार वर्षांपूर्वी बदलीवर आल्या आणि ठमाबाईच्या घरी दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिल्या. वाचनाची सवय वडिलांची. वडील रविवारी पुस्तक मोठ्याने वाचायचे आणि लेखकाची चूक पकडणाऱ्या लेकराला शेंगदाण्याचा लाडू द्यायचे. त्यामुळे चूक सापडल्याशिवाय संघप्रियाबाईंना पुस्तक वाचल्यासारखे वाटत नसे. भुताखेतांवर त्यांचा तिळमात्र विश्वास नव्हता आणि म्हणूनच शहरात राहणाऱ्या रक्तपिपासूंच्या कादंबऱ्या त्यांना निर्धास्तपणे आवडायच्या.

त्या दिवशीचा अभिप्राय असा:

'अमावास्येचे भाडेकरू, भाग पहिला. वाचला. नायक विक्रांत हा रक्तपिपासू असून पुण्यात फ्लॅट भाड्याने घेऊन राहतो. तीनशे बारा पानांत त्याने अकरा जणांचे रक्त घेतले. एकाचाही रक्तगट विचारला नाही. सिकलसेलची तपासणी नाही. कापूस, स्पिरिट यांचा उल्लेख नाही. मान पुसूनही घेतली नाही. आमच्या भागात असा माणूस महिनाभर टिकणार नाही. बाकी कादंबरी चांगली आहे. वाचनालयात भाग पहिला, दुसरा आणि चौथा आहे. भाग तिसरा मागवावा.'

त्या घरी गेल्या. धनराज वहीसमोर बसून राहिला. 'कार्यवाही' या शब्दासमोर त्याला तीनच वाक्ये येत होती: 'नोंद घेतली', 'वरिष्ठांना कळविले' आणि 'संबंधित विभागास कळविले'. त्याने तिसरे लिहिले, कारण ते सर्वांत लांब होते आणि रकाना त्याने चांगला भरत होता. पण धनराज प्रामाणिक माणूस. कळविले असे लिहिल्यावर कळवणे आले, आणि कळवायचे तर जावक क्रमांक आला. कादंबरी त्याने वाचलेली नव्हती. त्याने अभिप्रायातल्याच मजकुरावरून तालुक्याच्या आरोग्य कार्यालयाला पत्र टाकले. विषय: विक्रांत नावाच्या इसमाने अकरा जणांचे रक्त विनातपासणी घेतल्याबाबत.

उत्तर दोन आठवड्यांत आले. एवढ्या लवकर उत्तर येणे ही या हकिकतीतली पहिली अनैसर्गिक घटना. कार्यालयाने कळवले की, सदर इसम पुणे जिल्ह्यातील असल्याने बाब या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. तथापि सदर इसम बदलीने या तालुक्यात येण्याची शक्यता नाकारता येत नाही. सबब चिंचटोला येथे घरोघरी जाऊन विनातपासणी रक्त घेणाऱ्या इसमांचे सर्वेक्षण करावे. सर्वेक्षणाचे काम आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळा तंत्रज्ञांकडे देण्यात येत आहे.

आरोग्य केंद्राला प्रयोगशाळा तंत्रज्ञ एकच होत्या.

"धनराजभाऊ, हे काय करून ठेवलं?" संघप्रियाबाईंनी आदेश त्याच्या टेबलावर ठेवला.

"कार्यवाही."

"मी पुस्तकावर लिहिलं होतं!"

"पुस्तकाले नोटीस देता येते का बाई? माणसालेच द्या लागते. पुस्तकात एक माणूस सापडला, त्याच्यावर केली."

"मला भाग तिसरा पाहिजे होता. तेवढंच एक काम होतं त्यात."

"त्याले खरेदी म्हणते," धनराज समजावत म्हणाला. "खरेदीचा रकाना वेगळा हाय. इथी कार्यवाहीचा हाय."

संघप्रियाबाईंनी गावातली दोनशे सोळा घरे पालथी घातली. प्रत्येक दारात विचारले की तुमच्या घरी कोणी विनातपासणी रक्त पिते काय. एकशे नव्वद घरांनी नाही म्हटले, पंचवीस घरांनी ढेकूण म्हटले आणि एका घरातल्या माणसाने बायकोकडे पाहून उत्तर राखून ठेवले. त्यांनी अहवाल पाठवला: निरंक. अहवाल आठव्या दिवशी परत आला. त्यावर लाल शाईत शेरा होता: 'निरंक अहवाल स्वीकारले जात नाहीत. सर्वेक्षण झाले असल्यास काहीतरी आढळले पाहिजे.'

दरम्यान भाग दुसरा वाचून झाला होता. तो शेवटच्या पानावर फारच वाईट ठिकाणी थांबत होता. नायिका रेवती लिफ्टमध्ये असते, विक्रांत तिच्या मानेला दात लावतो, तेवढ्यात वीज जाते आणि भाग संपतो. रेवती माणूस राहिली की रक्तपिपासू झाली? चौथा भाग कपाटात होताच. त्याचे पहिले पान उघडले असते तर लगेच कळले असते. पण भाग सोडून वाचणे म्हणजे वडिलांशी गद्दारी. संघप्रियाबाईंनी चौथा भाग सुतळीने बांधून घेतला, गाठ धनराजला मारायला लावली आणि ९ डिसेंबरला, मंगळवारी, दुसरा अभिप्राय लिहिला:

'भाग दुसरा. यात विक्रांतच्या शेजारी शार्दूल नावाचा भाडेकरू राहायला येतो, जो पौर्णिमेला वाघ होतो. लेखकाने वाघ पाहिलेला नाही. त्याचा वाघ सिग्नलला थांबतो. आमच्याकडे वाघ निघाला की वनरक्षक येतो, सरपंच येतात, पेपरवाला येतो, दोन-तीनशे माणूस मोबाइल घेऊन येतो आणि शेवटी वाघच कंटाळून जातो. पुण्यात वाघ निघाला आणि पंचनामा नाही, हे पटत नाही. दुसरे असे की, या भाडेकरूंना ओळखायच्या खुणा लेखकाने पान ८८ वर दिल्या आहेत: भाडेकरार असतो पण माणूस दिसत नाही, घरात चूल पेटत नाही, जेवताना कोणी पाहिलेला नसतो, फोटोत येत नाही. खुणा चांगल्या आहेत. पण घरमालकाला त्या दोन भाग संपेपर्यंत कळत नाहीत, एवढा भोळा घरमालक नसतो. भाग तिसरा मागवावा. भाग तिसरा मागवावा.'

मागणी दोनदा लिहिली, खाली रेघही मारली. धनराजने रेघ पाहिली. त्याला वाटले, ती रेघ वरच्या वाघासाठी आहे.

वन विभागाचे उत्तर आणखी लवकर आले. त्यात म्हटले होते की, सदर प्राणी वाघ असताना वन विभागाच्या अखत्यारीत येतो, माणूस असताना पोलिसांच्या. रूपांतर चालू असताना कोणाच्या, याबाबत वरिष्ठांकडून मार्गदर्शन मागवले आहे. मार्गदर्शन येईपर्यंत खबरदारी म्हणून गावातल्या भाडेकरूंच्या दारांसमोर कॅमेरे लावण्यात येतील. ग्रामपंचायतीने भाडेकरूंची यादी दिली. यादीत बारा नावे होती. बारा कॅमेरे लागले.

कॅमेरे पंधरा दिवस होते. त्यांनी अठराशे चाळीस छायाचित्रे काढली. त्यांत कुत्री होती, डुकरे होती, हागणदारीमुक्त गावाच्या फलकामागे पहाटे टमरेल घेऊन जाणारे ग्रामपंचायतीचे दोन सदस्य होते. एका छायाचित्रात ठमाबाईच्या बैलांच्या कोठ्यासमोरून एक वाघ चाललेला होता. तो मुळातच वाघ असल्याने त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही, म्हणून ते छायाचित्र फाइलला लावले नाही.

बारा भाडेकरूंपैकी फक्त एक व्यक्ती छायाचित्रांत आली: ओसरीत बसून पुस्तक वाचणाऱ्या संघप्रिया खोब्रागडे. उरलेले अकरा एकाही छायाचित्रात नव्हते.

त्या दिवशी संध्याकाळी संघप्रियाबाई ग्रामपंचायतीची यादी घेऊन ठमाबाईसमोर बसल्या. ठमाबाई पंचाहत्तरीची, वाळलेली मोहफुले निवडत होती.

"मावशी, या यादीत तुझ्याकडे पाच भाडेकरू आहेत म्हणून लिहिलं आहे. मी एक. बाकीचे चार कुठं राहतात?"

"कोठ्यात."

"बैलांच्या?"

"हो मा. चार मास्तर हायेत. चार वर्सं झाले."

"मी चार वर्षांत एकही मास्तर नाही पाहिला कोठ्यात."

"मी तरी कुठी पाह्यलो?" ठमाबाई म्हणाली. "कागदावर हायेत. चंद्रपूरवरून येते, शाळा करते, पाचच्या गाडीनं जाते. भाड्याच्या पावतीवर मी अंगठा देतो, दिवाळीले एक साडी देते बिचारे. बैल त कधी तक्रार नाई केले."

संघप्रियाबाईंनी पान ८८ उघडले आणि यादी पुढे धरली. भाडेकरार असतो पण माणूस दिसत नाही. घरात चूल पेटत नाही. जेवताना कोणी पाहिलेला नसतो. फोटोत येत नाही. त्या एकेका नावापुढे खूण करत गेल्या. शिक्षक पाच, ग्रामसेवक, तलाठी, कृषी सहायक, पशुधन पर्यवेक्षक आणि त्यांच्याच आरोग्य केंद्राचे दोन डॉक्टर. अकराच्या अकरा बसले. त्यांना वडिलांच्या लाडवाची आठवण झाली. लेखकाची एक चूक त्यांनी उगाच काढली होती. तसा भोळा घरमालक असतो.

सर्वेक्षणाच्या नमुन्यात दोनच रकाने होते: 'निरंक' आणि 'आढळले'. निरंक चालत नव्हते. त्यांनी 'आढळले' खाली ११ लिहिले, नावे लिहिली आणि पुढे स्वच्छ अक्षरात जोडले: 'हे लोक गावात राहतच नाहीत, म्हणून दिसत नाहीत.' अहवाल वर गेला. हे शेवटचे वाक्य रकान्याच्या चौकटीबाहेर जात असल्याने टंकलेखनात गळले.

गुरुवार, ५ फेब्रुवारी. सकाळी साडेअकरा वाजता ग्रामपंचायत भवनात संयुक्त समितीची बैठक झाली. अध्यक्षस्थानी जिल्ह्यावरून आलेले बोरकुटे साहेब होते. सरपंच नीलाबाई, अकरा आढळलेले कर्मचारी, धनराज आणि सर्वेक्षक म्हणून संघप्रियाबाई हजर होत्या. ठमाबाई घरमालक म्हणून आली होती आणि खुर्ची दिली तरी खाली बसली होती.

"प्रकरण गंभीर आहे," बोरकुटे साहेब म्हणाले. "अकरा कर्मचारी सूर्यास्तानंतर गावात दिसत नाहीत. याची दोनच कारणं संभवतात. एक, ते मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहत नाहीत. तसं असेल तर विभागीय चौकशी, वसुली, सेवापुस्तकात नोंद. दोन..." त्यांनी अहवाल चाळला. "दोन, ते रक्तपिपासू आहेत. मला लेखी खुलासा पाहिजे. यातलं कोणतं?"

अकरा जण एकमेकांकडे पाहू लागले. ग्रामसेवक अश्विन चौखे हा त्यांच्यातला नियम वाचणारा. त्याने पिशवीतून सेवा नियमांचे पुस्तक काढले, चष्मा लावला आणि सावकाश उठला.

"साहेब, मुख्यालयी न राहणं हा गैरवर्तनाचा प्रकार आहे, नियमातच आहे. पण रक्त पिऊ नये असं मी तीनदा वाचलो, कुठंच नाई."

"नक्की?"

"लाच घेऊ नये हाय. दारू पिऊन कामावर येऊ नये हाय. रक्ताचं काहीच नाई."

मग मोठे डॉक्टर घसा साफ करून म्हणाले, "साहेब, आता लपवण्यात अर्थ नाही. आम्ही मुख्यालयीच राहतो. फक्त दिसत नाही."

"सगळेच?"

"सगळेच," अकरा जण एका आवाजात म्हणाले.

संघप्रियाबाई उठल्या. "साहेब, हे खोटं आहे. आणि तांत्रिकदृष्ट्याही चूक आहे. कादंबरीतले रक्तपिपासू दिवसा दिसत नाहीत, रात्री दिसतात. हे लोक दिवसा दिसतात, रात्री नाही. पान ८८ बघा."

बोरकुटे साहेबांनी विचार केला. "स्थानिक परिस्थितीनुसार बदल," असे ते म्हणाले आणि कारकुनाने ते लिहून घेतले.

"काऊन हो मास्तर," ठमाबाई खालून म्हणाली, "चार वर्सं माह्या कोठ्यात होते, त एक दिवस बैलाले तरी चावाचं होतं. नांगराले जोतला की झोपते मेला."

नीलाबाई सरपंच पदराआड हसल्या, पण इतिवृत्तात हसण्याची नोंद नाही.

अकरा खुलासे त्याच दिवशी दाखल झाले. मजकूर एकच होता; नावे तेवढी बदलली होती. 'मी मुख्यालयी राहतो. मात्र सूर्यास्तानंतर दिसत नाही. हा माझ्या प्रकृतीचा भाग आहे.' पुढच्या आठवड्यात मागण्या सुरू झाल्या. शिक्षकांनी शालेय पोषण आहारातून लसूण वगळण्याची विनंती केली. तलाठ्याने हजेरीच्या यंत्रावर अंगठा उमटत नसल्याचे कळवले. कृषी सहायकाने कडक उन्हात शेताच्या बांधावर जाणे जिवाला घातक असल्याचे प्रमाणपत्र मागितले आणि छोट्या डॉक्टरांनी ते दिले. मोठे डॉक्टर स्वतः आरशात पाहून भांग पाडत असल्याचे संघप्रियाबाईंनी पाहिले होते. पण आरशाचा रकाना नमुन्यात नव्हता. शेजारच्या गावांतून चौकशा येऊ लागल्या. आठवडाभरात तालुक्यात एकशे चार कर्मचाऱ्यांनी आपापली प्रकृती जाहीर केली. धनराजच्या वहीतला रकाना आता पानभर भरून पुरवणी जोडावी लागत होती. त्याला 'क' वर्गाचे पत्र आले.

संघप्रियाबाईंना नोटीस आली.

नोटिशीत म्हटले होते की, चिंचटोला येथे मुख्यालयी राहणाऱ्या बारापैकी अकरा कर्मचारी सूर्यास्तानंतर दिसत नाहीत, तर आपण नियमितपणे दिसता. ही बाब बहुसंख्येशी विसंगत आहे. आपण सूर्यास्तानंतर का दिसता, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.

त्यांनी खुलासा एका ओळीत लिहिला: 'मी इथे राहते.' त्याखाली सवयीने आणखी एक ओळ लिहिली: 'भाग तिसरा मागवावा.'

आणि कोणाचाही विश्वास बसणार नाही, पण या वेळी तो मागवला गेला. एकशे चार कर्मचाऱ्यांना पुढे कोणत्या सोयी द्याव्या लागतील, हे कोणालाच माहीत नव्हते. त्याचे उत्तर पुढच्या भागात असेल असे कोणीतरी बैठकीत सुचवले. 'अमावास्येचे भाडेकरू, भाग तिसरा' हे संदर्भ साहित्य म्हणून तातडीने खरेदी झाले. ते वाचणार कोण, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा देवघेव वही तपासली गेली. तीन जिल्हास्तरीय बैठका, दोन विभाग आणि एक संयुक्त समिती ज्या कादंबरीवर चालली होती, ती आजवर एकाच व्यक्तीने वाचल्याचे आढळले.

मंगळवार, १७ फेब्रुवारी, सायंकाळी पाच वाजता बोरकुटे साहेब स्वतः वाचनालयात आले. टेबलाच्या त्यांच्या बाजूला भाग तिसरा होता. नवा कोरा, चारशे पाने, मुखपृष्ठावर लिफ्टचे बंद दार. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला संघप्रियाबाई बसल्या होत्या. मध्ये धनराज आणि कुत्रे. पंखा आता सुरू होता.

"बाई, तुम्ही या विषयातल्या एकमेव तज्ज्ञ," साहेब गोड आवाजात म्हणाले. "हा भाग तुम्हीच वाचा. बदल्यात एक छोटा अभिप्राय द्या, की सदर अकरा व्यक्ती मुख्यालयी राहतात आणि केवळ दिसत नाहीत."

संघप्रियाबाईंनी लिफ्टच्या दाराकडे पाहिले. दोन महिने आठ दिवस रेवती त्या लिफ्टमध्ये अडकली होती. त्यांनी हात मांडीवर घट्ट ठेवले.

"नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या वडिलांनी मला खोटा अभिप्राय शिकवला नाही. ते लोक इथे राहत नाहीत. मी असं लिहून देणार नाही."

"लिहून द्यायची गरजच नाही म्हणा," साहेब म्हणाले. त्यांनी पिशवीतून एक लांबट नोंदवही काढली. "हा गेल्या पंधरा ऑगस्टचा ग्रामसभेचा ठराव. 'खालील अकरा कर्मचारी गावात कायम वास्तव्यास असून ते रोज मुक्कामी असल्याचे आम्ही ग्रामस्थ प्रमाणित करतो.' सह्या एकशे त्रेचाळीस. अंगठे वेगळे. सदतीस नंबर वाचा."

सदतीस नंबरवर लिहिले होते: संघप्रिया खोब्रागडे. सही त्यांचीच होती. 'घ'ची शेपटी त्या तशीच काढायच्या.

त्यांना ती सकाळ आठवली. झेंडावंदन झाले होते, नीलाबाईंनी नोंदवही पुढे केली होती, "हजेरीची सही करा बाई, पोहे थंड होऊन राह्यले" असे म्हणाल्या होत्या. त्यांनी सही केली होती. ठराव सहीच्या वरच होता. फक्त चार ओळींचा. अक्षर सुवाच्य होते.

"मी हे वाचलं नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या.

"कोणीच वाचत नाही बाई," साहेब दिलासा देत म्हणाले. "म्हणून तर चालते."

"बाई, मीही केली होती," धनराज म्हणाला. "अडतीस नंबर. तुमच्या मागंच उभा होतो. तुम्ही केली म्हणून केली. म्हटलं, बाई वाचल्याशिवाय करणार नाई."

तीनशे बारा पानांत कापूस नसल्याचे ज्यांच्या नजरेतून सुटले नव्हते, त्या संघप्रियाबाई स्वतःच्या सहीकडे बघत राहिल्या.

"जाऊ द्या," बोरकुटे साहेब म्हणाले. "झालं ते झालं. पुस्तक घेऊन जा. फक्त इथं एक सही. संदर्भ साहित्य दिल्याची पोच."

त्यांनी टंकलेखन केलेला कागद पुढे सरकवला. अडीच पाने होती. सहीची जागा तिसऱ्या पानाच्या तळाशी, तिथे शिसपेनाने फुलीही करून ठेवली होती. साहेबांनी कागद त्याच पानावर उघडून दिला होता आणि पेनाचे टोपण काढले होते.

संघप्रियाबाईंनी कागद उलटला आणि पहिल्या पानाची पहिली ओळ वाचायला सुरुवात केली.

"बाई, नुसती पोच आहे," साहेब म्हणाले.

त्यांनी मान वर केली नाही. दुसऱ्या ओळीवर त्या थांबल्या, धनराजकडे लाल पेन मागितला आणि काहीतरी खूण केली. साहेबांनी घड्याळ पाहिले. चंद्रपूरची शेवटची गाडी सहाला होती. ते घाई करू लागले.

हाती आलेल्या शेवटच्या माहितीनुसार, सायंकाळी पाच वाजून पन्नास मिनिटांनी संघप्रियाबाई पहिल्या पानाच्या नवव्या ओळीवर होत्या आणि लाल खुणा चार झाल्या होत्या. सही झालेली नव्हती. भाग तिसरा टेबलावर होता. ठरावावर सही केलेल्या, या दोघांखेरीज उरलेल्या एकशे एक्केचाळीस जणांपैकी कोणीही आपण कशावर सही केली हे बघायला वाचनालयात आलेले नव्हते.